गोठ्यातील जनावरांचे जंत व गोचीड : कोणता उपाय केव्हा?

जनावर बांधून पोसावयाचे म्हटले की त्याच्या खुराकाचा प्रत्येक घास विकत घ्यावा लागतो. चरावयास जाणारे जनावर निकृष्ट असले तरी त्याचा फटका चटकन जाणवत नाही. परंतु दावणीस बांधलेल्या गाईच्या अथवा रेड्याच्या पोटात जंत असतील आणि अंगावर गोचिडी असतील, तर पेंडीचा व चाऱ्याचा काही भाग मालक या आगंतुकांनाच खाऊ घालीत असतो. म्हणूनच जंतांची व गोचिडींची औषधे आज खेडोपाडी विकली जातात. मात्र 'कोणते औषध चांगले?' या प्रश्नाचे उत्तर बहुधा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून अथवा बाटलीवरील चित्रावरून ठरते. औषध दिले आणि गुण आला नाही म्हणजे दुसऱ्या नावाची बाटली येते. पुष्कळदा तिच्यात तेच द्रव्य असते. यात पैसा जातो, वेळ जातो, आणि संकरित गाय असेल तर कधी कधी गायही जाते.

प्रस्तुत लेखात या औषधांची तुलना कोणत्या कसोट्यांवर करावी आणि आपल्या गोठ्यात कोणते औषध लागू पडते हे कसे पडताळून पाहावे, याचे विवेचन केले आहे. औषध प्रत्यक्ष देण्यापूर्वी पशुवैद्यकाचा सल्ला घेणे आवश्यक आहे, हे आरंभीच सांगितले पाहिजे.

शत्रू कोण आहे?

परोपजीवींचे दोन वर्ग पडतात : शरीराच्या आत राहणारे आणि शरीराबाहेर राहणारे.

आत राहणाऱ्यांत गोलकृमी, पर्णकृमी व पट्टकृमी येतात. गोलकृमींची अंडी शेणावाटे बाहेर पडतात. ऊब व ओल मिळाली म्हणजे सुमारे आठवड्याभरात त्यांतून निघालेल्या अळ्या संसर्गक्षम होतात आणि पावसाळ्यात गवताच्या पात्यावर चढून बसतात. कोरड्या, स्वच्छ गोठ्यात बांधलेल्या जनावरास ही लागण पुन्हा होण्याचा संभव कमी असतो. परंतु बांधावरचे, पाणथळ जागेचे ओले गवत कापून आणून घातले, तर दावणीवरच्या जनावरासही ती होते. पर्णकृमींचे तसेच आहे. त्यांचा अर्धा संसार गोगलगाईच्या शरीरात होतो. म्हणून कोकणातील भातखाचरे, भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या भातपिकाच्या भागांतील तळी आणि कालव्याकाठच्या ओलिताच्या जमिनी येथे त्यांचा उपद्रव अधिक असतो. जबड्याखाली सूज येणे, पातळ शेण, खडबडीत केस व फिकट पडलेले डोळे ही त्यांची नेहमीची लक्षणे होत.

वासरांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष आहे. टोक्झोकारा नावाचा मोठा गोलकृमी आईच्या दुधातून वासरास व विशेषतः पारडास लागतो. अर्थात गोठा कितीही स्वच्छ असला तरी ही लागण टळत नाही.

बाहेर राहणाऱ्यांत गोचीड, उवा व खरजेचे किडे येतात. त्यांपैकी गोचीड ही सर्वांत घातक. आपल्याकडे तिच्या दोन जाती मुख्य आहेत आणि त्यांच्या राहणीतील फरक ध्यानात घेतल्यावाचून उपाय सफल होत नाही. पहिली बूफिलस. ही अळी असताना जनावरावर चढते आणि सुमारे तीन आठवडे त्याच जनावरावर राहून पूर्ण वाढते. मग रक्ताने टम्म फुगलेली मादी खाली पडते, दोन ते तीन हजार अंडी घालते आणि मरते. दुसरी हायलोमा. ही वाढीच्या अवस्थांमध्ये जनावरावरून खाली उतरते, गोठ्याच्या भिंतीच्या फटीत, कुडात, गव्हाणीखाली दडते, तेथे कात टाकते आणि पुन्हा जनावर गाठते. तात्पर्य, पहिलीचा बंदोबस्त मुख्यतः जनावराच्या अंगावर करावयाचा. दुसरीचा अंगावर आणि भिंतीतही.

गोचीड केवळ रक्त पिऊन थांबत नाही. बूफिलसमुळे बबेशिया हा रोग होतो. त्यात ज्वर येतो व लघवी लाल होते. हायलोमामुळे थायलेरिया होतो. त्यात तीव्र ज्वर, गाठींची सूज व रक्तक्षय होतो आणि उपचारास उशीर झाल्यास जनावर दगावते. खिल्लार, डांगी, देवणी अशा देशी जनावरांत गोचिडींना व या रोगांना तोंड देण्याची शक्ती बऱ्याच अंशी असते. जर्सी व होल्स्टीन रक्ताच्या संकरित गाईत ती कमी असते. गोचीड जनावराचा रोग पसरविते ही गोष्ट अमेरिकेत स्मिथ व किलबोर्न यांनी १८९३ मध्ये सप्रमाण दाखविली. त्यानंतर १९०६ पासून तेथे जनावरांना औषधी पाण्याच्या हौदातून पोहवून गोचीड निर्मूलनाची मोहीम चालली आणि १९४३ पर्यंत टेक्सासमधील मेक्सिकोच्या सीमेलगतचा पट्टा सोडल्यास देश त्या गोचिडीपासून मुक्त झाला. सर्व गोठ्यांनी एकाच वेळी, ठराविक अंतराने व पुरेशा काळापर्यंत उपाय केला, हे त्या यशाचे इंगित होय.

पोटातील औषधांची तुलना

पुढील कोष्टकात नेहमीच्या औषधांचे गुण व मर्यादा दिल्या आहेत. मात्रा दर किलो वजनास आहे.

| औषध | कशावर चालते | कशावर चालत नाही | मात्रा |
|---|---|---|---|
| फेनबेंडाझोल | गोलकृमी, फुप्फुसातील कृमी | पर्णकृमी, गोचीड | ५ ते ७.५ मि.ग्रॅ. |
| अल्बेंडाझोल | गोलकृमी, पट्टकृमी. जास्त मात्रेस प्रौढ पर्णकृमी | कोवळे पर्णकृमी, गोचीड | ७.५ ते १० मि.ग्रॅ. |
| लेव्हामिसोल | गोलकृमी, फुप्फुसातील कृमी | पर्णकृमी, पट्टकृमी | ७.५ मि.ग्रॅ. |
| आयव्हरमेक्टिन | गोलकृमी, खरजेचे किडे, रक्त शोषणाऱ्या उवा | पर्णकृमी, पट्टकृमी | ०.२ मि.ग्रॅ. |
| ऑक्सिक्लोझानाइड | यकृतातील प्रौढ पर्णकृमी, पोटातील शंकूच्या आकाराचे कृमी | गोलकृमी | १० ते १५ मि.ग्रॅ. |
| ट्रायक्लाबेंडाझोल | यकृतातील कोवळे व प्रौढ पर्णकृमी | गोलकृमी | १२ मि.ग्रॅ. |

या कोष्टकावरून दिसून येईल की, सर्वांवर चालणारे असे एकही औषध नाही. भाताच्या भागातील रेड्यास पर्णकृमी झाले असता आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दिले, तर औषध खरे आणि मात्रा योग्य असूनही गुण येणार नाही. उलट खरजेने केस गळालेल्या जनावरास फेनबेंडाझोल दिल्याने त्वचेस काहीच लाभ होणार नाही. औषध निरुपयोगी ठरले असे म्हणण्यापूर्वी ते या शत्रूसाठी होते काय, हे पाहावे.

फेनबेंडाझोल पुष्कळ सुरक्षित आहे. मात्रेत थोडे अधिक झाले तरी अपाय सहसा होत नाही. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात देऊ नये, कारण गर्भास अपाय संभवतो. लेव्हामिसोल जंतास लुळे पाडून झटपट बाहेर टाकते, परंतु त्याची सुरक्षित मात्रा व अपायकारक मात्रा यांत अंतर थोडे आहे; म्हणून वजनाचा अंदाज चुकता कामा नये.

आयव्हरमेक्टिनचा शोध जपानमधील एका मातीच्या नमुन्यातील सूक्ष्म जीवापासून लागला. ओमुरा व कॅम्बेल या शास्त्रज्ञांना त्याबद्दल २०१५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आतील व बाहेरील शत्रूंवर एकाच टोचणीने परिणाम करणारे म्हणून ते लोकप्रिय झाले. परंतु त्याच्या दोन मर्यादा आहेत. एक, ज्या गाईचे दूध माणसांच्या उपयोगात येते तिला साधे आयव्हरमेक्टिन देऊ नये, कारण त्याचा अंश दुधात दीर्घकाळ उतरतो. दुसरी, गोचिडींवर त्याचा परिणाम अपुरा असतो. एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवून थायलेरिया टळत नाही. शिवाय ते शेणावाटे बाहेर पडते आणि शेण कुजविणाऱ्या उपयुक्त किड्यांना मारक ठरते.

पर्णकृमीच्या दोन औषधांतील निवड काळावर अवलंबून असते. पावसाळ्यात पोटात गेलेला कोवळा कृमी यकृतातून वाट काढीत पित्तनलिकेत पोचतो व अंडी घालू लागतो. यास सुमारे तीन ते चार महिने लागतात. ऑक्सिक्लोझानाइड केवळ प्रौढ कृमीस मारते. ते पावसाळा संपताच दिले तर कोवळे कृमी वाचतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत ते पुन्हा द्यावे लागते. ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्यांनाही मारते, म्हणून पावसाळ्यानंतर लवकर द्यावयाचे असल्यास ते अधिक हितावह. मात्र पोटातील शंकूच्या आकाराच्या कृमींवर त्याचा भरवसा नाही.

गोचिडीवरील औषधांची तुलना

वडील मंडळींना बी.एच.सी. ची पूड चांगली आठवत असेल. ते द्रव्य दुधात व चरबीत साठून राहते. त्याच्या उत्पादनावर व वापरावर आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे. कोणाच्या घरी जुना डबा शिल्लक असल्यास तो जनावरांसाठी वापरू नये.

आज उपयोगात असलेली द्रव्ये मुख्यतः तीन प्रकारची आहेत.

पहिला प्रकार अमिट्राझ. १२.५ टक्क्यांचे औषध एक लिटर पाण्यात २ मि.लि. मिसळून सर्वांगास लावावयाचे. गोचीड यामुळे आपली पकड सोडते. द्रावण दर वेळी ताजे करावे. घोड्यास हे औषध वर्ज्य आहे. गोठ्यात घोडा वा शिंगरू असल्यास ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रकार सायपरमेथ्रिन व डेल्टामेथ्रिन यांचा. १० टक्क्यांचे सायपरमेथ्रिन १ मि.लि., अथवा १.२५ टक्क्यांचे डेल्टामेथ्रिन २ मि.लि., एक लिटर पाण्यात घ्यावे. ही औषधे माशांवरही चालतात आणि भिंतीवर फवारण्यास सोयीची आहेत. परंतु भारताच्या अनेक राज्यांत बूफिलस गोचिडी यांना दाद देईनाशा झाल्याचे आढळून आले आहे. तसेच ही द्रव्ये तळ्यातील व ओढ्यातील मासळीस विषारी आहेत; उरलेले पाणी ओढ्यात ओतू नये.

तिसरा प्रकार पाठीवर ओतावयाच्या औषधांचा. १ टक्क्याचे फ्लूमेथ्रिन दर १० किलो वजनास १ मि.लि. या प्रमाणात मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीच्या कण्यावर ओततात. पाणी लागत नाही, एक माणूस काम करू शकतो आणि परिणाम अधिक दिवस टिकतो. खर्च मात्र जास्त येतो. हे द्रव्यही दुसऱ्या प्रकाराचेच जातभाई असल्याने, ज्या गोठ्यात डेल्टामेथ्रिन लागू पडत नाही तेथे याच्याकडूनही मोठी अपेक्षा धरू नये. अशा वेळी बाटलीचे नाव बदलून उपयोग नाही. द्रव्याचा वर्ग बदलावा.

फवारणी कोणत्याही औषधाची असो, ती वरवर पाठीवर करून भागत नाही. कानाच्या आत, मानेखालची पोळी, पुढच्या पायांच्या बगला, कासेचा मागील भाग, शेपटीचे मूळ या जागी गोचीड दडते. तेथे औषध पोचले पाहिजे. फवारणीपूर्वी जनावरास पाणी पाजावे, म्हणजे ते अंग चाटणार नाही. जखमेवर औषध पडू देऊ नये. फवारणाऱ्याने हातमोजे घालावेत व तोंडावर फडके बांधावे.

हाताने काढलेली गोचीड बोटांनी चिरडू नये. हायलोमा गोचीड क्रायमियन-काँगो तापाचा विषाणू बाळगू शकते. २०११ च्या आरंभी अहमदाबाद भागात या तापाने माणसे दगावली होती. काढलेल्या गोचिडी रॉकेलच्या डब्यात टाकाव्यात. उकिरड्यावर टाकल्यास त्या तेथेच अंडी घालतात.

गोठ्याच्या फटी लिंपून घ्याव्यात, भिंतीस चुना द्यावा, गव्हाणीखालची जागा खरवडून स्वच्छ करावी. पक्क्या भिंतीच्या गोठ्यात फटींवरून ज्योत फिरविल्याने अंडी व पिल्ले मरतात. गवती छपराच्या गोठ्यात हा प्रयोग करू नये. अंगणातील कोंबड्या खाली पडलेल्या गोचिडी वेचून खातात, हेही साह्य थोडे नाही.

मात्रा : सर्वांत मोठी गळती

औषध न लागण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे नजरेने ठरविलेले वजन. वजनकाटा नसला तरी दोरी व मोजपट्टी पुरते. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे सेंटिमीटरमध्ये मोजावा. खांद्याच्या टोकापासून बैठकीच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी करून त्या संख्येस १०,८४० ने भागावे. आलेला आकडा म्हणजे किलोमध्ये अदमासे वजन. उदाहरणार्थ, घेर १५० व लांबी १२० असल्यास वजन सुमारे २४९ किलो येते. अशा भाकड कालवडीस १ टक्का आयव्हरमेक्टिन सुमारे ५ मि.लि. लागेल. तीच कालवड १८० किलोची आहे असे नजरेने ठरविल्यास ३.६ मि.लि. दिले जाईल. या अपुऱ्या मात्रेने दुबळे जंत मरतात, चिवट जंत उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच निपजते. औषध निकामी होण्याची वाट अशी आपणच तयार करतो.

आपल्या गोठ्यात तुलना कशी करावी?

एका गाईस औषध दिले व ती सुधारली, यावरून काही सिद्ध होत नाही. कदाचित त्याच सुमारास हिरवा चारा सुरू झाला असेल. म्हणून एका वाडीतील चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, पुढीलप्रमाणे प्रयोग करावा.

(१) वयाने व वजनाने सारखी अशी तीसेक जनावरे निवडावीत आणि चिठ्ठ्या टाकून तीन गट करावेत : एकास औषध 'अ', दुसऱ्यास 'ब', तिसऱ्यास तूर्त काहीच नाही. चांगली जनावरे एका गटात व मरतुकडी दुसऱ्यात असे होऊ देऊ नये. फार आजारी जनावर प्रयोगात न घेता त्यास लगेच औषध द्यावे.

(२) तिन्ही गटांचा चारा, पेंड व पाणी सारखे ठेवावे.

(३) औषधाच्या दिवशी प्रत्येक जनावराच्या गुदद्वारातून ताजे शेण घेऊन, डबीवर क्रमांक घालून, थंड ठेवून त्याच दिवशी तपासणीस पाठवावे. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करावी. दर ग्रॅम शेणात जंतांची अंडी किती, हे मोजून घ्यावे. गटाची सरासरी निदान दीडशे नसेल तर तुलना विश्वसनीय होत नाही.

(४) चौदाव्या दिवशी पुन्हा शेण तपासावे.

समजा, 'अ' गटाची सरासरी ४०० वरून २० वर, 'ब' गटाची ३८० वरून ९५ वर आणि औषधाविना गटाची ३९० वरून ३७० वर आली. 'अ' ने अंडी ९५ टक्के कमी केली, 'ब' ने ७५ टक्के. आणि तिसरा गट जवळजवळ जागीच राहिल्याने ही घट हवामानाची नव्हे, औषधाची होय हे कळते. घट ९५ टक्क्यांहून कमी आली की त्या औषधास जंत दाद देत नसल्याची शंका घ्यावी. प्रथम मात्रा, मुदत व साठवण तपासावी आणि ती बरोबर असल्यास त्या वर्गाचे औषध बदलावे. प्रयोग संपताच तिसऱ्या गटासही लागू पडलेले औषध द्यावे.

गोचिडींसाठी जनावराच्या एकाच अंगावरील, मुगाच्या दाण्याएवढ्या वा त्याहून मोठ्या गोचिडी मोजाव्यात. औषधापूर्वी आणि नंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व एकविसाव्या दिवशी मोजणी करावी. तिसऱ्या दिवसाचा आकडा औषधाचा झपाटा सांगतो, एकविसाव्याचा टिकाऊपणा. पाठीवर ओतलेले औषध जनावरे एकमेकांना चाटून खातात आणि गोचिडी दावणीवरून दावणीवर जातात. म्हणून हे गट एकमेकांपासून दूर बांधावेत.

परदेशातील अनुभव

अमेरिकेतील टेक्सास, कॅन्सस व नेब्रास्का या राज्यांत हजारो जनावरे आवारात बांधून धान्यावर पोसतात. कुरणातून आलेल्या जनावरास आवारात शिरतानाच औषध देण्याची तेथे रीत आहे. पुढे ते गवत खात नसल्याने लागण पुन्हा फारशी होत नाही. अनेक वर्षे एकट्या आयव्हरमेक्टिनच्या वर्गावर भिस्त ठेवल्यामुळे गेल्या सुमारे दोन दशकांत कूपेरिया नावाचा आतड्यातील गोलकृमी त्यास दाद देईनासा झाल्याचे तेथे दिसून आले. त्यावर तोड म्हणून फेनबेंडाझोलच्या वर्गातील तोंडाने द्यावयाचे औषध त्याच्या जोडीस दिले असता, दोन्ही मिळून शेणातील अंडी अधिक कमी होतात असे आढळले. यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात : बाजारातून आणलेले जनावर दावणीस बांधण्यापूर्वी वेगळे ठेवून औषध द्यावे, आणि एकाच वर्गाच्या औषधास वर्षानुवर्षे चिकटून राहू नये.

वर्षाचे वेळापत्रक

वासरास व पारडास जन्मानंतर १० ते १५ दिवसांनी टोक्झोकारावर चालणारे, उदाहरणार्थ पायपराझिन, पहिले औषध द्यावे. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पुढील मात्रा द्याव्यात. मोठ्या जनावरांस पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा, शेण तपासून औषध द्यावे. सर्व धडधाकट जनावरांना दरमहा औषध पाजणे हे खर्चाचे तर आहेच, शिवाय चिवट जंतांची पैदास करणारे आहे. गोचिडीवरील फवारणी उन्हाळ्याच्या आरंभापासून पावसाळ्यानंतरपर्यंत सुमारे तीन आठवड्यांच्या अंतराने, वाडीतील सर्व गोठ्यांनी एकाच आठवड्यात करावी. संकरित गाई असतील तेथे थायलेरियाच्या प्रतिबंधक लसीविषयी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. गाईस ज्वर येऊन गाठी सुजल्यास घरगुती उपायांत दिवस न घालविता त्याच दिवशी पशुवैद्यकास बोलवावे. या रोगावर बुपारव्हाक्वोन हे गुणकारी औषध आहे, परंतु ते वेळेवर मिळाले तरच.

दूध व मांस यांबाबत औषधाच्या वेष्टनावर जितके दिवस थांबण्यास सांगितले असेल तितके दिवस थांबावे. ते दूध आपल्याच मुलांच्या पोटात जाणार आहे.

सारांश, आधी शत्रू ओळखावा, मग औषधाचा वर्ग निवडावा, जनावर मोजून मात्रा ठरवावी आणि चौदा दिवसांनी शेण तपासून औषधाचा हिशेब घ्यावा. दुधाची व पेंडीची नोंद ठेवतो त्याच वहीत औषधाचे नाव, त्यातील द्रव्य, मात्रा, तारीख व परिणाम यांसाठी एक पान राखावे. दोन वर्षांत ते पान आपल्या गोठ्याविषयी कोणत्याही विक्रेत्यापेक्षा अधिक सांगू लागेल.